खिमरांगचा हिमदाखला

चहाला वास येत होता. ऋजुता हसबनीसला पहिल्या घोटालाच तो जाणवला आणि दुसऱ्या घोटाला तिने स्वतःची समजूत घातली, की याकच्या लोण्याचा खारट चहा असाच लागत असणार. पुण्याहून एवढ्या लांब यायचं आणि यजमानिणीच्या चहाला नाक मुरडायचं, हे काही बरं दिसत नाही. तिने श्वास रोखून कप रिकामा केला, वर तोंडभर हसून "वा, छान!" म्हटलं, आणि अंगमोने तो तत्परतेने पुन्हा भरला. भिडेपोटी तिने तोही संपवला.

समोर बसलेल्या अमोघदादाने मात्र कपाला बोटसुद्धा लावलं नाही. "मला पित्ताचा त्रास आहे," असं अंगमोला सांगून त्याने सॅकमधून आपली पाण्याची बाटली काढली. दरीत कुठेही गेला तरी ती बाटली त्याच्याबरोबर असायचीच. दादा आता म्हातारा व्हायला लागला, एवढंच तेव्हा ऋजुताच्या मनात आलं.

अमोघ तिचा सख्खा मोठा भाऊ. हिमालयाच्या आतल्या अंगाला असलेल्या या लिंगरा दरीत हिवाळ्याचा बर्फ वाढवून देण्याचं कंत्राट 'हिमवृद्धी' नावाच्या कंपनीकडे होतं आणि अमोघ तिथला सर्वेसर्वा. ऋजुता पुण्याच्या पर्वतीय पर्जन्य कार्यालयात निरीक्षक. कंपनीच्या कामाची तपासणी करून 'हिमदाखल्या'वर सही करायला तिला पाठवलं होतं. बहिणीने भावाचं काम तपासायचं हे जरा चमत्कारिक दिसेल, असं निघण्यापूर्वी तिने साहेबांना सुचवून पाहिलं होतं. "उलट बरंच आहे की," साहेब म्हणाले, "तुमची राहण्याखाण्याची सोय होईल."

आणि हा दाखला म्हणजे नुसता कागद नव्हता. अंगमोच्या खिमरांग गावाच्या डोक्यावर एक बोगदा खणलेला होता. ज्या हिवाळ्याच्या दाखल्यावर 'भरपूर' असा शेरा पडेल, त्या वर्षी बोगद्याचं दार उघडायचं आणि गावाचा ओढा 'जादा पाणी' म्हणून खालच्या वीजघराकडे वळवायचा, असा करार होता. शेरा नसला तर ओढा गावाचा. गेली दोन वर्षं शेरा 'भरपूर' होता आणि दोन्ही वर्षं खिमरांगचा जव उभ्या उभ्या वाळला होता. यंदाही दार उघडलं, तर अंगमो आणि तिचे शेजारी बकऱ्या विकून, घरांना कुलपं लावून खाली शहरात जाणार होते. हे अंगमो रडत सांगत नव्हती, चहा ओतता ओतता सांगत होती.

"दीदी, आमच्या मोबाइलवर दरवर्षी येतं, की तुमच्याकडे नेहमीच्या दीडपट बर्फ पडला," ती म्हणाली. तिचं हिंदी आणि ऋजुताचं हिंदी सारखंच मोडकं, त्यामुळे दोघींचं छान जमलं होतं. "मग तो आमच्या डोंगरावरून जातो कुठे? तुम्ही शिकलेल्या आहात. जरा शोधून द्या ना."

"पडलाय गं, भरपूर पडलाय," अमोघ ऋजुताला मराठीत म्हणाला. "बर्फ मोजणाऱ्या नऊ स्टेशनांपैकी आठ तेच सांगतात. या लोकांना सरकारकडून काहीतरी फुकट हवं असतं, दुसरं काय!"

अमोघच्या यंत्रणेचा बोलबाला होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे ढग या डोंगरांना अडतात. ढगातलं पाणी शून्याच्या खाली गेलं म्हणून लगेच गोठतंच असं नाही. त्या सूक्ष्म थेंबांना बर्फ व्हायला एखादा कण लागतो, ज्याच्याभोवती स्फटिक धरेल. तसा कण मिळाला नाही, तर भरलेला ढग तसाच डोंगर ओलांडून निघून जातो. झाडांच्या पानांवर राहणारे काही जिवाणू एक असं प्रथिन तयार करतात, की त्याला टेकलं की पाणी गोठतं. कंपनी ते जिवाणू पिंपांत वाढवायची, त्यांचा मेलेला लगदा ड्रोनमधून ढगाच्या पोटात फवारायची, आणि बर्फ पडायचा. असे प्रयोग पूर्वीही होत, पण ते सगळं अंदाजपंचे. आता कुठल्या ढगात, किती उंचीवर, कधी फवारायचं, हे एक स्वतःहून शिकणारी संगणकप्रणाली ठरवत होती. ती ढगांची धार काढते, म्हणून कंपनीतली मराठी मंडळी तिला 'गवळी' म्हणत. तीन हिवाळ्यांत गवळ्याचा नेम इतका बसला होता, की बोट दाखवाल त्या अंगणात तो बर्फ पाडून दाखवी.

गवळ्याला काम एकच सांगितलेलं होतं. स्टेशनांवरचा आकडा वाढव.

चहा झाल्यावर दोघं भावंडं गावाच्या वरच्या स्टेशनाकडे निघाली. मे महिना लागला होता. डोंगर कोरडा ठणठणीत, पायाखाली खडी घसरत होती. वळण घेतल्यावर मात्र एकदम पांढरं दिसलं. बर्फ गोळा करणारं उंच भांडं, त्याच्याभोवती वारा अडवायला लावलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, शेजारी सौरपट्टी, आणि या सगळ्याला वेढून एका मोठ्या मैदानाएवढा गोल बर्फ. जवळ गेल्यावर तो पांढरासुद्धा राहिला नाही. कडेला तो वितळत होता आणि त्यातून पिवळट, चिकट असं काहीतरी दगडांवर ओघळत होतं.

ऋजुताने वाकून बोटाला लावलं आणि हुंगलं. आंबोळीचं पीठ डब्यात विसरून उन्हाळ्यात गावाला जावं, आणि परत आल्यावर डब्याचं झाकण उघडावं, तसा वास. हा वास तिच्या ओळखीचा होता. इतकंच नव्हे, तासाभरापूर्वीच तिने तो दोन कप भरून गिळला होता, आणि वर "छान" म्हटलं होतं.

ती पत्र्याच्या पट्टीला धरून भडाभडा ओकली.

"सवय होते," तिच्या पाठीवरून हात फिरवत अमोघ म्हणाला. त्याने आपली बाटली पुढे केली. ऋजुताने चूळ भरली, आणखी एक भरली, आणि मग तिचं लक्ष हातातल्या बाटलीकडे गेलं.

"तुला माहीत होतं, दादा."

"त्यात माहीत असण्यासारखं काय आहे? प्रथिन आहे ते, विष नाही. ऊन लागलं की आंबतं जरा. अपाय होत नाही, असा अहवाल आहे आमच्याकडे."

"मग तू का पीत नाहीस?"

"सांगितलं ना, मला पित्ताचा त्रास आहे." हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. ऋजुताने बाटलीचं झाकण लावून ती त्याच्या हातात परत ठेवली.

घरी परतल्यावर तिने अंगमोला विचारलं. अंगमोने खिडकीतून आत आलेली काळी प्लास्टिकची नळी दाखवली.

"ओढा आटलाय, दीदी. बर्फ आहे तो एवढाच, मशीनच्या भोवतीचा. तिथून नळी आणलीय. उकळलं की वास जरा कमी होतो. बकऱ्या काही तोंड लावत नाहीत, त्यांना वर खिंडीपर्यंत न्यावं लागतं." मग ती किंचित संकोचून म्हणाली, "तुम्ही मात्र दुसरा कपही घेतलात. मला वाटलं, पुण्याच्या लोकांना असाच आवडत असेल. म्हणून मी काही बोलले नाही."

"आणि मला वाटलं, तुमच्याकडे असाच करतात. म्हणून मीही नाही बोलले," ऋजुता म्हणाली. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, पण ते हसू लवकरच ओसरलं.

मग ऋजुता आकडे घेऊन बसली. खरं तर पुण्यातच तिला ते खटकायला हवे होते. डोंगरातला बर्फ कधी सारखा पडत नाही. एका स्टेशनावर कमरेइतका साचतो आणि हाकेच्या अंतरावरच्या दुसऱ्यावर घोटा जेमतेम बुडतो. ढग चढणीच्या अंगाला रिकामा होतो, पाठच्या अंगाला नुसता गार वारा पोचतो. तो वारा पडलेला बर्फ उचलून भलत्याच्याच दारात नेऊन टाकतो. भांड्याच्या तोंडावरून तो बर्फाला आडवा पळवतो, म्हणून वाऱ्यातलं भांडं नेहमी कमी भरतं. उंची बदलली, उताराचं तोंड बदललं, मध्ये एखादा कडा आला, की आकडा बदलला. म्हणून डोंगरातली शेजारची स्टेशनं एकमेकांशी भांडतात, आणि त्यांनी भांडावंच. लिंगरातली आठ स्टेशनं मात्र तीन हिवाळे एका सुरात गात होती. डोंगरातले आकडे असे गळ्यात गळे घालून चालायला लागले, की कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की.

बेसूर होतं ते फक्त नववं, तारगो खिंडीतलं. त्याचा आकडा दरवर्षी चिमूटभर. दरवर्षी त्याच्यापुढे 'सदोष' असं लिहून ते वगळलं जाई, कारण कार्यालयाची 'शेजारतपासणी' तसं सांगायची. शेजारच्या स्टेशनांशी ज्याचा आकडा जुळत नाही ते बिघडलेलं समजावं, असा तो नियम होता. सपाट मुलखात तो नियम ठीक होता. डोंगराला तो लावणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा, हे कार्यालयात सगळ्यांना ठाऊक होतं आणि बदलायचा मात्र कुणालाच उत्साह नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगमो बकऱ्या घेऊन खिंडीकडे निघाली, तेव्हा ऋजुता तिच्याबरोबर गेली. वाटेत जिथे जिथे बर्फ असायला हवा होता, घळींत, कड्यांच्या सावलीत, तिथे तिथे ती थांबून पाहत होती. तिथे धूळ होती. खिंडीत वारा इतका, की दोघींना कपाळावरचे रुमाल धरून बोलावं लागत होतं. या वाऱ्यात ड्रोन टिकत नसत, म्हणून गवळ्याने ही खिंड सोडून दिली होती. तिथे खडकांच्या आडोशाला पातळ, कडक बर्फ होता आणि त्याला कसलाही वास नव्हता. बकऱ्या तो चाटू लागल्या. ऋजुताने 'सदोष' स्टेशनाचं भांडं, वजनकाटा, पट्ट्या, सगळं खोलून पाहिलं. ते ठणठणीत होतं.

मग तिने खाली पाहिलं. उघड्याबोडक्या, तपकिरी दरीत आठ पांढरे गोल दिसत होते. पंगतीला पानं मांडावीत तसे, रेखीव. पानांवर वाढलेलं, आणि पंगतीला बसलेले सगळे उपाशी. ढगातलं पाणी मोजकंच असतं. ते आठ भांड्यांवर ओढून ओतलं, तर मधल्या साऱ्या उतारांच्या वाट्याला काय येणार? ओढे भरतात ते या उतारांच्या बर्फाने, भांड्यातल्या बर्फाने नव्हे.

"सापडला का, दीदी?" अंगमोने विचारलं.

"सापडला," ऋजुता म्हणाली. तिला थुंकावंसं वाटत होतं.

खिंडीत मोबाइलला चांगली रेंज होती. तिने साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं.

"आठ स्टेशनं एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला. बरोबर?"

"हो, पण साहेब, ती आठ..."

"अहो मॅडम, बहुमत म्हणून काही असतं की नाही? एक वगळा, सही करा आणि या परत. आणि हो, येताना तिकडचे जर्दाळू मिळाले तर बघा. आमच्या हिला फार आवडतात."

संध्याकाळी अमोघ दाखल्याचा टॅब घेऊन अंगमोच्या घरी आला. ऋजुता खिंडीपर्यंत जाऊन आली हे त्याला कळलं होतंच. तो नेहमीच्या जागी बसला, बाटली शेजारी ठेवली, आणि लहानपणी तिचं गणित चुकलं की ज्या समजुतीच्या सुरात बोलायचा, त्याच सुरात सुरू झाला.

"ऋजू, मी गवळ्याला असं कर म्हणून सांगितलं नव्हतं. आकडा वाढव म्हटलं, त्याने वाढवला. सुरुवातीला तो एकेका स्टेशनावर पाडायचा, तर ते शेजारतपासणीत बाद व्हायचं. मग तो आठहीवर सारखा पाडायला शिकला. हुशारच म्हणायचा."

"आणि तुला हे कळलं कधी?"

"पहिल्याच हिवाळ्यात." तो खांदे उडवून म्हणाला. "पण यात खोटं काय आहे, सांग. भांड्यात बर्फ आहे ना? खराखुरा आहे ना? दाखल्यावर लिहिलंय, स्टेशनांवर पडलेला बर्फ. तेवढा पडलाय. मी एक मिलिमीटर इकडचा तिकडे केलेला नाही."

हेच तर किळसवाणं होतं. चोरी असती तर तिला चोर म्हणता आलं असतं. इथे सगळं नियमाला धरून, स्वच्छ, सहीशिक्क्यानिशी नासत होतं.

"आणि तुला या बाईचं वाईट वाटत असेल," अमोघ पुढे म्हणाला, "तर हिच्या शेतात एक स्टेशन बसवतो. पुढच्या हिवाळ्यात हिच्या शेतात छातीएवढा बर्फ. सगळ्यांच्या शेतांत बसवू. स्टेशनं वाढवा, बर्फ वाढेल."

"आणि तो आंबलेला चिखल त्यांच्या जवाला?"

"सवय होते गं."

याच दादाने ऋजुताला वेताळ टेकडीवर उताणं झोपवून ढग ओळखायला शिकवले होते. त्याच्यामुळे ती या शास्त्रात आली. शेजारतपासणीचा नियमही त्याचाच. कंपनीत जाण्यापूर्वी, याच कार्यालयात तरुणपणी नोकरी करताना त्याने तो लिहिला होता. आणि तेव्हाचा दादा डोंगर ओळखणारा होता, म्हणून नियमाच्या शेवटी त्याने एक ओळ घातली होती. शंका असल्यास निरीक्षकाने जागेवर जाऊन, स्वतः पाहून, कोणतं स्टेशन सदोष ते ठरवावं. ही ओळ कुणी कधी वापरली नव्हती. जागेवर जातं कोण?

तिने टॅब पुढे ओढला. तारगो खिंडीपुढचं 'सदोष' खोडून 'योग्य' लिहिलं. मग उरलेल्या आठांपुढे, एकामागून एक, 'सदोष' लिहीत गेली.

"हे काय करतेस?" अमोघचा समजुतीचा सूर पहिल्यांदा सुटला. "आठ बाद आणि एक चालू? लोक हसतील तुला. ती स्टेशनं बिघडलेली नाहीत!"

"शेजाऱ्याशी जुळत नाहीत."

"आठही एकमेकांशी जुळतात!"

"एकमेकांशी जुळतात. डोंगराशी जुळत नाहीत. मी जागेवर जाऊन पाहिलंय." शेऱ्याच्या रकान्यात तिने 'अपुरा' असं लिहिलं. "तूच लिहिलेली ओळ आहे, दादा. तुझ्या हातून झालेली शेवटची चांगली गोष्ट."

"ऋजू, कंत्राट जाईल. मी रस्त्यावर येईन. आईला काय सांगणार आहेस?"

"जे पाहिलं ते."

त्यांचं मराठी अंगमोला कळत नव्हतं. आवाज चढलेले मात्र तिला कळले, आणि घरात आवाज चढले की ती जे करायची तेच तिने केलं. पाहुण्यासमोर चहाचा कप ठेवला. त्याचा वास खोलीभर पसरला.

"पी ना," ऋजुता म्हणाली. "अपाय होत नाही. अहवाल आहे तुमच्याकडे. एक घोट घे, दादा. एकच घे. मी आत्ता सगळं खोडते आणि 'भरपूर' लिहिते."

ती हे खरंच बोलत होती का, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. अमोघने कपाकडे पाहिलं. हात पुढे केला, कप उचलला, ओठांपर्यंत नेला. मग त्याने कप इतक्या घाईने खाली ठेवला, की चहा त्याच्या बाहीवर सांडला आणि तो ती बाही अंगापासून लांब धरून उभा राहिला, कुणीतरी अंगावर घाण टाकावी तसा.

"या दिवाळीला माझी वाट बघू नकोस," तो दारातून म्हणाला आणि गेला.

ऋजुताने सही केली. क्षणभराने टॅबवर उत्तर उमटलं : खिमरांग बोगदा, यंदा बंद. तिने ते अंगमोला हिंदीत वाचून दाखवलं. अंगमोने खिडकीतली ती काळी नळी उचलली आणि तिचं तोंड बाहेर उकिरड्याकडे वळवून ठेवलं. खिंडीच्या वरचा बर्फ वितळून ओढ्याला येईपर्यंत चार दिवस लांबून पाणी आणावं लागणार होतं, पण येणारं पाणी आता गावाचंच होतं. पुढच्या हिवाळ्यात कार्यालय दुसरा निरीक्षक पाठवील, जो जागेवर जाणार नाही, हेही ऋजुताला कळत होतं. त्याचा विचार तिला आत्ता करायचा नव्हता.

अमोघ आपली बाटली विसरून गेला होता. अंगमोने ती उचलून हुंगली, पाणी भांड्यात ओतलं आणि चुलीवर ठेवलं. चहाची पत्ती उकळली, लोणी घातलं, मीठ घातलं, लाकडी नळकांड्यात नीट घुसळलं आणि वाफाळता कप ऋजुतापुढे केला.

"हा आमचा चहा, दीदी. खरा."

ऋजुताने एक घोट घेतला. वास नव्हता. लोणी होतं, मीठ होतं, आणि तो तिच्या जिभेला अजिबात रुचला नाही.

"अंगमो, खरं सांगू?" ती म्हणाली. "हाही मला नाही आवडला."

अंगमो एवढ्या मोठ्याने हसली, की बाहेर बकऱ्या बावरल्या. "मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" म्हणत तिने ऋजुताच्या हातातून कप काढून घेतला आणि स्वतः पिऊन टाकला.